केटलवर छापलेले १५०० वॅट आणि पाण्यात खरोखर गेलेली उष्णता

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान-शिक्षिकेने दहावीच्या वर्गासमोर स्टीलच्या विजेच्या केटलमध्ये एक लिटर पाणी तापवले. केटलवर १५०० वॅट असे छापलेले होते. पाणी सुरुवातीला २७ अंश सेल्सिअसवर होते, ते २३० सेकंदांत उकळू लागले आणि थर्मामीटरचा पारा ९७.८ अंशांवर जो थांबला तो पुढे सरकलाच नाही. त्यानंतर झाकण उघडे ठेवून पाणी आणखी पाच मिनिटे उकळू दिल्यावर वजनात १८० ग्रॅम घट झाली. वॅटला सेकंदांनी गुणून गणित केले तेव्हा पाण्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) ४.८७ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश आणि बाष्पनाचा अप्रकट उष्मा (उकळत्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता) २५०० ज्यूल प्रति ग्रॅम असा आला. पुस्तकात हे आकडे ४.१८ आणि सुमारे २२६० असे आहेत. थर्मामीटर बिघडला आहे, केटल खोटी आहे की आमचे गणित चुकले, असे मुलांनी विचारले.

मी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत हाच प्रयोग निरनिराळ्या उपकरणांवर सत्तावीस वर्षे मुलांकडून करून घेतला आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. तुमची निरीक्षणे चांगली आहेत आणि गणितही बरोबर आहे. जी संख्या तुम्ही मोजलीच नाही, ती मोजल्यासारखी वापरली, एवढाच दोष आहे. ती संख्या म्हणजे १५०० वॅट.

त्याआधी ९७.८ अंशांचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि त्या दाबाला पाण्याचा उत्कलनांक सुमारे ९८.१ अंश येतो. हाच प्रयोग मुंबईत केला तर तो जवळजवळ १०० येईल आणि सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला साधारण साडेपंच्याण्णव. उरलेले तीन दशांश थर्मामीटरच्या उघड्या दांड्याचे आहेत. काचेचे बरेचसे थर्मामीटर पूर्ण बुडवून वापरण्यासाठी आखलेले असतात. आपण मात्र फक्त फुगा पाण्यात ठेवतो आणि दांडीतला पारा बाहेरच्या थंड हवेत राहतो, त्यामुळे तो तेवढा कमी प्रसरण पावतो. पाण्याबाहेर राहिलेले अंश, पाण्याचे तापमान आणि दांडीचे सरासरी तापमान यांतील फरक, आणि ०.०००१६ हा गुणक, या तिघांचा गुणाकार केला की दुरुस्ती मिळते. साठ अंश बाहेर आणि तापमानातला फरक चाळीस अंश धरला तर ती ०.४ च्या जवळ येते. म्हणजे तुमचा थर्मामीटर निर्दोष आहे आणि मुलांनी उत्कलनांक उत्तम मोजला आहे. लाल अल्कोहोलचा थर्मामीटर असता तर हाच दोष कितीतरी पट मोठा दिसला असता, म्हणून या प्रयोगात तो वापरू नये.

आता वॅटकडे वळू. केटलवरचा आकडा हे कारखान्याने दिलेले नाव आहे, त्याला मापन म्हणता येत नाही. केटलमधल्या तापणाऱ्या तारेची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. केटल २३० व्होल्टसाठी आखलेली असेल आणि वर्गातल्या सॉकेटमध्ये २२० व्होल्ट येत असतील, तर दाब चार टक्क्यांनी घटतो पण शक्ती साडेआठ टक्क्यांनी घटते. १५०० वॅटची केटल तेव्हा १३७२ वॅटचीच असते. त्यात लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड वापरला असेल तर आणखी थोडी शक्ती त्या वायरीतच खर्च होते. तुमचे दोन्ही आकडे एकाच दिशेने, म्हणजे वर चुकले आहेत, यावरूनच संशय दोन्हींत समाईक असलेल्या शक्तीच्या आकड्यावर जायला हवा.

आणि इथे एक गंमत आहे. तुमच्याच निरीक्षणांतून वॅटला हातही न लावता फार चांगले उत्तर निघते. केटलने २३० सेकंदांत १००० ग्रॅम पाणी ७०.८ अंशांनी तापवले, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०८ ग्रॅम-अंश (ग्रॅम गुणिले अंश). शक्ती तीच राहिली असे धरले तर पुढच्या ३०० सेकंदांत तिने ९२,४०० ग्रॅम-अंशांइतकी उष्णता दिली आणि ती १८० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यात गेली. भागाकार केला की ५१३ येतात. याचा अर्थ असा की एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला, तेच एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागते त्याच्या ५१३ पट उष्णता लागते. खरे गुणोत्तर ५४१ च्या जवळ आहे. तुमची दोन उत्तरे स्वतंत्रपणे साडेसोळा आणि साडेदहा टक्क्यांनी चुकली, पण त्यांचे गुणोत्तर फक्त पाच टक्क्यांनी चुकले, कारण भागाकारात तो खोटा १५०० चा आकडा उडून गेला.

ही युक्ती माझी नाही. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६२ मध्ये ग्लासगो येथे अगदी असेच केले होते. त्या काळी वॅट हे एकक नव्हते, विजेची शेगडी नव्हती, आणि उष्णता म्हणजे काय याबद्दलही एकमत नव्हते. ब्लॅक यांनी सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यात ५० अंश फॅरनहाइटचे थोडेसे पाणी घेऊन ते लालबुंद तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवले. चार मिनिटांत पाणी उकळू लागले आणि वीस मिनिटांत सगळे आटून गेले. चार मिनिटांत १६२ अंशांची वाढ, तर त्याच वेगाने वीस मिनिटांत ८१० अंशांची. आणि एवढी उष्णता आत जाऊनही पाण्याचे तापमान २१२ च्या, म्हणजे फॅरनहाइटमधल्या उत्कलनांकाच्या, वर गेले नाही, तेव्हा ती वाफेत ‘लपून’ राहिली असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. आपल्या पुस्तकातला ‘अप्रकट’ हा शब्द त्याच कल्पनेतून आला. त्यांची ८१० अंश फॅरनहाइटची वाढ म्हणजे ४५० अंश सेल्सिअसची वाढ. ५४० च्या तुलनेत बरेच कमी. घड्याळ आणि थर्मामीटर एवढ्याच साधनांवर काढलेल्या आकड्याला मात्र मी नावे ठेवणार नाही. तुमच्या मुलांचा ५१३ हा आकडा ब्लॅक यांच्या आकड्यापेक्षा सरस आहे, हे त्यांना जरूर सांगा.

ब्लॅक यांचा आकडा आणि तुमचा आकडा, दोन्ही खालच्याच बाजूला चुकले हेही लक्षात घ्यावे. त्याची कारणे शोधताना आपण प्रयोगाच्या गाभ्याशी येतो. पाण्याने किती उष्णता शोषली हे थेट मोजता येतच नाही. आपण एकूण किती उष्णता दिली ते मोजतो आणि त्यातून इतरांनी खाल्लेली वजा करतो. या प्रयोगातले सारे कौशल्य त्या ‘इतरांना’ ओळखण्यात आहे, आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यात हे वाटेकरी वेगवेगळे असतात.

एकूण उष्णता मोजण्यासाठी प्रयोगशाळेत आम्ही वॅटमीटर वापरतो, पण तुमच्याकडे त्याहून सोयीचे साधन भिंतीवर लावलेले आहे. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका किलोवॅट-तासाला किती इम्पल्स, म्हणजे दिव्याच्या किती उघडझापी, ते छापलेले असते. माझ्या घरच्या मीटरवर ३२०० आहे. इतर मीटरांवर वेगळा आकडा असू शकतो, तेव्हा तो वाचूनच घ्यावा. एक किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून दिव्याची एक उघडझाप म्हणजे ११२५ ज्यूल. घरातली बाकीची सगळी उपकरणे, फ्रिज आणि राउटरसकट, बंद करायची आणि मोबाइलवर त्या दिव्याचे चित्रीकरण करायचे, कारण केटल चालू असताना दिवा सेकंदात एकदाहून अधिक लुकलुकतो आणि डोळ्यांनी मोजताना हमखास चूक होते. चित्रफीत हळू चालवून मोजले की विद्युतदाब कितीही वरखाली झाला असला तरी त्याची चिंता उरत नाही. आत गेलेली ऊर्जा मोजली गेलेली असते.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मी हा प्रयोग घरी करून पाहिला. केटल १५०० वॅटची, रिकाम्या भांड्याचे वजन सुमारे ४०० ग्रॅम, पाणी १००० ग्रॅम, सुरुवातीचे तापमान २६ अंश. पाणी उकळेपर्यंत न थांबता मी केटल आधीच बंद केली, वीज देणाऱ्या बैठकीवरून उचलली, लाकडी डावाने ढवळले आणि सर्वांत जास्त दिसलेले तापमान टिपले. ते ९६ होते. उकळी फुटण्याच्या क्षणाला शेवटचे निरीक्षण घेऊ नये, कारण तो क्षण नेमका कोणता यावर दोन माणसांचे एकमत होत नाही आणि शेवटच्या एक-दोन अंशांत वाफही सुटू लागलेली असते. ढवळणे आवश्यक आहे, कारण तापलेले पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर असतात, शिवाय केटलचे बूड बंद केल्यावरही काही सेकंद उष्णता देत राहते.

दिव्याच्या २७९ उघडझापी झाल्या, म्हणजे ३१३.९ किलोज्यूल. आता वाटेकरी. स्टीलची विशिष्ट उष्माधारकता साधारण ०.५ ज्यूल, म्हणून ४०० ग्रॅमचे भांडे दर अंशाला २०० ज्यूल घेते. ७० अंशांना १४ किलोज्यूल. दुसरा वाटेकरी खोलीतली हवा. तिचा वाटा काढण्यासाठी मी पाणी झाकण लावून निवू दिले आणि ६२ पासून ६० अंशांपर्यंत यायला किती वेळ लागतो ते पाहिले. साडेसहा मिनिटे लागली. पाणी आणि भांडे मिळून दर अंशाला सुमारे ४३८० ज्यूल, दोन अंशांना ८७६०, भागिले ३९० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २२ ज्यूल बाहेर जात होते. तापवताना पाण्याचे सरासरी तापमान याच्याच जवळपास असते, म्हणून २३० सेकंदांत पाच किलोज्यूल गेले असे धरता येते. ३१३.९ मधून १४ आणि ५.१ वजा केले की २९४.८ किलोज्यूल उरतात आणि विशिष्ट उष्माधारकता ४.२१ येते. घरच्या साधनांवर याहून अधिक अचूकतेची अपेक्षा मी करत नाही.

यातून एक गोष्ट दिसेल. लोक ‘उष्णता हवेत गेली’ असे सरसकट कारण लिहितात, पण हवेचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास आहे आणि भांड्याचा त्याच्या जवळजवळ तिप्पट. माझ्याकडे आलेल्या शेकडो वह्यांत ‘चुकीची कारणे’ या मथळ्याखाली हेच एक वाक्य असायचे आणि त्यापुढे आकडा नसायचा. आकडा नसलेल्या कारणाला मी गुण देत नसे. प्लास्टिकच्या किंवा दुहेरी भिंतीच्या केटलमध्ये हे हिशेब बदलतात, तेव्हा आपल्या केटलचे आकडे आपणच काढावेत.

काही चौकस मुले विचारतील की विशिष्ट उष्माधारकता सगळ्या तापमानांना सारखीच असते का. नसते, शून्य अंशाला ती ४.२२ च्या जवळ असते, ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान सर्वांत कमी म्हणजे ४.१८ च्या किंचित खाली जाते आणि १०० कडे जाताना पुन्हा ४.२२ च्या जवळ येते. हा फरक एका टक्क्याचाही नाही, केटलमध्ये तो दिसणार नाही. तुमच्या आलेखाची रेषा वरच्या टोकाला किंचित वाकलेली दिसली असेल तर तिचे श्रेय हवेत जाणाऱ्या उष्णतेला आणि बाष्पीभवनाला द्यावे.

आता उकळण्याचा टप्पा. इथे भांड्याचा वाटा शून्य होतो, कारण पाणीही तापत नाही आणि भांडेही तापत नाही. हवेचा वाटा मात्र वाढतो. तापमानातला फरक दुप्पट झाल्यामुळे तो सेकंदाला साधारण ४५ ज्यूल धरावा. झाकण उघडे असल्यामुळे वरून जाणाऱ्या वाफेची काळजी करू नये, ती वजनातल्या घटीत मोजली जातेच. माझ्या प्रयोगात पाच मिनिटांत ३६२ उघडझापी, म्हणजे ४०७.३ किलोज्यूल गेले. भिंतींतून गेलेले १३.५ वजा करून ३९३.८ उरले. वजनातली घट १७८ ग्रॅम होती, त्यावरून २२१२ ज्यूल प्रति ग्रॅम आले. ९८ अंशांना अपेक्षित मूल्य २२६२ आहे. उत्तर थोडे कमी आले, आणि त्यामागे एक वेगळाच चोर आहे: जोरात उकळणाऱ्या पाण्याचे बारीक थेंब तोंडातून बाहेर उडतात. ते वजनातून जातात, पण त्यांची वाफ झालेली नसते, म्हणून त्यांच्यावर अप्रकट उष्मा खर्चच झालेला नसतो. केटल काठोकाठ भरलेली असली की हे जास्त होते. मी पाणी १००० ऐवजी ७०० ग्रॅम घेऊन पुन्हा केले तेव्हा तेवढ्याच उघडझापींना घट १७५ ग्रॅम आली आणि उत्तर २२५० वर गेले. ब्लॅक यांच्या उथळ भांड्यातूनही असे थेंब उडाले असणार, असा माझा कयास आहे.

प्रयोगशाळेत नळीने वाफ आणून ती थंड पाण्याच्या कॅलरीमापीत (उष्णता मोजण्याच्या भांड्यात) सोडण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही हाच दोष वेगळ्या रूपात येतो. नळीत वाफ थिजून झालेले गरम पाणी कॅलरीमापीत गेले, तर ते वाफ म्हणून वजनात धरले जाते. आठ ग्रॅममध्ये एक ग्रॅम असे पाणी असले तर उत्तराचा आठवा भाग तिथेच गेला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सबंध तुकडीची उत्तरे दोन सत्रे १९०० च्या आसपास येत होती आणि मी मुलांनाच बोल लावत होतो. शेवटी कळले की रबरी नळी गरजेपेक्षा लांब होती आणि मधे झोळासारखी लोंबत होती. नळी आखूड केली, तिला कापूस गुंडाळला आणि वाफेचा सापळा (वाफेतले पाणी अडवणारे भांडे) उभा बसवला, त्यानंतर उत्तरे सुधारली.

मुलांनी विचारलेला शेवटचा प्रश्न, तापमान वाढत नसताना एवढी उष्णता जाते कुठे. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एक ग्रॅम पाण्यातले सगळे रेणू सुटे करण्याचा खर्च २०९० ज्यूलच्या जवळपास आहे. उरलेले सुमारे १७० ज्यूल हवेला मागे रेटण्यात जातात, कारण एका ग्रॅम पाण्याची वाफ १०० अंशांना जवळजवळ पावणेदोन लिटर जागा घेते आणि ती जागा तिला वातावरणाकडून हिसकावून घ्यावी लागते. वाफ थिजताना हा सारा खर्च परत मिळतो. ग्लासगोलाच उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांना १७६० च्या दशकात असे आढळले होते की वाफ आपल्या वजनाच्या सहापट थंड पाणी उकळीला आणू शकते, आणि त्याचे कारण त्यांना ब्लॅक यांच्याकडून कळले. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने अधिक भाजते, त्याचेही कारण हेच.

त्याच्या आधीची एक पायरी मुलांना कानांनी दाखवता येते. आधण ठेवल्यावर पहिल्यांदा बुडाला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात, ते विरघळलेल्या हवेचे असतात. पुढे केटल मोठ्याने घोंघावू लागते. तेव्हा बुडाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, पण वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरताच ते मिटतात आणि त्या मिटण्याचा तो आवाज असतो. सगळे पाणी उत्कलनांकाला पोहोचले की बुडबुडे न मिटता वर येतात, आवाज खाली बसतो आणि खळखळ सुरू होते. आवाज बसला की पाच मिनिटांचे घड्याळ सुरू करावे. डोळ्यांपेक्षा कान इथे अधिक विश्वासू आहेत.

पुढच्या वेळी प्रयोग करताना एवढे करा. झाकण उघडे असले की वाफ केटलच्या आपोआप बंद होण्याच्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि केटल पाणी आटेपर्यंत चालू राहू शकते, म्हणून तिच्यापासून हलू नका, पाणी किमान पातळीच्या खुणेखाली जाऊ देऊ नका आणि मुलांना वाफेपासून हातभर लांब उभे करा. ढवळताना किंवा वजन करताना केटल आधी बैठकीवरून उचला. उकळण्यापूर्वीचे वजन आवाज बसल्यावर लगेच घ्या आणि वजनकाट्यावर वाफेचे थेंब पडू नयेत म्हणून खाली कोरडा कपडा ठेवून त्याचे वजन आधीच शून्य करून घ्या. केटल उचलून परत ठेवण्यात जे काही सेकंद जातात ते पाच मिनिटांत धरू नका. मीटरच्या उघडझापी दोन मुलांनी वेगवेगळ्या मोजाव्यात आणि आकडे एकमेकांना न दाखवता फळ्यावर लिहावेत.